नरक: कुणाचा, किती काळाचा, आणि भ्यायचं कुणी?

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत माझी थोरली मावशी राहते. पंचगंगेची स्मशानभूमी तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. २०२१ च्या उन्हाळ्यात काका कोरोनानं गेले. घरातले सगळेच तेव्हा आजारी, दार लावून बसलेले. काकांना दवाखान्यातून परस्पर नेलं. नदीकडून धूर येताना दिसत होता, पण त्यातला काकांचा कुठला हे मावशीला कळत नव्हतं. दहावा झाला नाही, पिंडाला कावळा शिवला नाही, तेराव्याला चार माणसं जेवली नाहीत.

"ह्यांस्नी म्होरं वाट घावली असंल का गं?" असं ती अजून विचारते.

गेल्या पितृपक्षात तिच्या मोबाइलवर कुणीतरी गरुडपुराणाचा व्हिडिओ पाठवला. उकळत्या तेलाच्या कढया, रक्तापुवाची नदी, साखळदंड ओढणारे यमदूत. खाली मजकूर असा की, ज्याचे विधी राहिले त्याची हीच गत. मावशी तीन रात्री झोपली नाही. मी म्हटलं, "मावशी, नरकबिरक काही नसतं." त्यानं तिला काडीचाही धीर आला नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याला 'ते सगळं खोटं' असं सांगितलं की तो आपल्या भीतीसकट आणखी एकटा पडतो. मग मी ठरवलं, नरकाबद्दल कोण काय म्हणतं ते नीट वाचायचं आणि तिला कळेल अशा शब्दांत सांगायचं. हे तेच आहे, जरा लांबवून.

एक शब्द, पण गोष्ट एक नाही

तांबडा आणि पांढरा दोन्हीला आपण रस्साच म्हणतो, पण पहिला घोट घेतला की फरक कळतो. 'नरक' या शब्दाचं तसंच आहे. हिंदू, जैन, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांकडे मेल्यानंतरच्या यातनांची जागा आहे, आणि मराठीत बोलताना आपण सरसकट तिला नरक म्हणून मोकळे होतो. आगीची वर्णनं बरीचशी सारखी असतात. त्यामुळे नरक किती भयानक आहे यापेक्षा मी दुसरं विचारायला शिकले: तिथं पाठवतं कोण, किती काळासाठी, आणि बाहेर पडायची वाट आहे का?

(जाता जाता एक गोंधळ मिटवू. नरक चतुर्दशीतला नरक म्हणजे नरकासुर. ते त्या असुराचं नाव आहे. त्या पहाटे पायाखाली कारेटं फोडतो ते त्याच्या नावानं.)

मुदतीची सजा

सगळ्यात जुन्या ऋग्वेदात आजच्यासारखा नरक जवळजवळ नाहीच. तिथला यम म्हणजे मरणारा पहिला माणूस. पुढं गेला, वाट शोधली आणि पितरांचा राजा झाला. त्याच्याकडे जायचं म्हणजे आपल्या आधी गेलेल्यांना भेटायचं. रेडा, पाश आणि चित्रगुप्ताची वही घेऊन बसलेला यम नंतरच्या ग्रंथांतला.

त्या नंतरच्या ग्रंथांत मात्र नरकांची संख्या वाढत जाते. मनुस्मृतीत २१ नावं आहेत, भागवताच्या पाचव्या स्कंधात २८, आणि गरुडपुराण ८४ लाखांवर जातं, त्यातही २१ मुख्य धरून. एकाच जागेची तीन मोजमापं इतकी वेगळी निघाली तर तलाठीसुद्धा म्हणेल की ही मोजणी जमिनीची नव्हे. लिहिणाऱ्यांना नकाशा काढायचा नव्हता, कुठल्या वागण्याला काय फळ हे मनावर ठसवायचं होतं, असं मला वाटतं.

पण आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती त्या व्हिडिओत नव्हती. हिंदू परंपरेत बहुतेक ठिकाणी नरक हा मुक्काम आहे, कायमचं घर नाही. पापाचं भोगणं संपलं की जीव तिथून सुटतो आणि पुन्हा जन्म घेतो. भोगण्यासाठी त्याला एक वेगळा देह मिळतो, त्याला यातनादेह म्हणतात. तो भाजतो, कापला जातो, पण मरत नाही, भोग संपेपर्यंत टिकतो. कळंब्याच्या जेलमध्ये ठरावीक वर्षांची शिक्षा झालेला माणूस जसा मुदत संपली की त्या मोठ्या दारातून बाहेर येतो, तसं.

लहानपणी कुंभीपाक नरक म्हटलं की मला गुऱ्हाळातली काहील दिसायची. खाली चिपाडांचा जाळ, वर खदखदणारा रस. आजोळच्या गुऱ्हाळात गुळव्या मला लांब बसवायचा. आता वाटतं, ती उपमा मला कळली होती त्याहून बरोबर होती. काहिलीत रस उकळतात तो मळी वर येऊन निघून जावी म्हणून. रस नासवायला काहील कुणी पेटवत नाही, आणि वेळ झाली की ती उतरवतातच.

बौद्धांच्या नरकालाही शेवट आहे, अगदी सर्वांत खालच्या अवीचीलासुद्धा. पाली सुत्तांमध्ये एक प्रसंग येतो. नरकाच्या दारात यमराज माणसाला विचारतो, तुला माझे दूत दिसले नाहीत का? माणूस म्हणतो, नाही दिसले. यम म्हणतो, तू कधी वाकलेला म्हातारा पाहिला नाहीस? अंथरुणाला खिळलेला आजारी? प्रेत? यमाचे दूत ते होते. शिंगंबिंगं असलेले कुणी नाहीत.

न्यायाधीश नसलेला नरक

मावशीच्या पेठेतच लक्ष्मीसेन जैन मठ आहे, आणि शेजारच्या जैन आजींशी बोलल्यावर मला सगळ्यात जास्त नवं कळलं. जैनांचे नरक सात, एकाखाली एक. नावं मोठी सुंदर: रत्नप्रभा, शर्कराप्रभा, वालुकाप्रभा, पंकप्रभा, धूमप्रभा, तमःप्रभा, महातमःप्रभा. खाली जावं तसा उजेड कमी होत जातो, हे नावांतच दिसतं. तिथं यम नाही, चित्रगुप्त नाही, शिक्षा सुनावणारा देव नाही. कर्म ही इथं एक प्रकारची सूक्ष्म धूळच मानली आहे. ती जिवाला चिकटते, आणि तिच्या वजनानं जीव खाली जातो. दगड विहिरीत बुडतो तेव्हा त्याला कुणी शिक्षा दिलेली नसते.

मुदत मात्र छाती दडपवणारी. पहिल्या नरकात कमीत कमी दहा हजार वर्षं, सातव्यात जास्तीत जास्त ३३ सागरोपम. सागरोपम म्हणजे वर्षांत मोजता येणार नाही इतका प्रचंड काळ, एवढं आपल्याला पुरे.

आणि तरीही इथंच श्रेणिक राजाची गोष्ट आहे. मगधाचा हा राजा महावीरांचा मोठा भक्त. पण त्याआधी एकदा त्यानं ध्यानात बसलेल्या मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला होता, त्या कर्मानं सातव्या नरकाचं आयुष्य बांधलं गेलं. पुढं श्रद्धा पालटली, पश्चात्ताप झाला, आणि ते सातव्यावरून पहिल्या नरकावर आलं. परंपरा सांगते की तो आज पहिल्या नरकात आहे, आणि तिथून निघून कालचक्राच्या पुढच्या टप्प्यातला पहिला तीर्थंकर होणार आहे. म्हणजे आजच्या घडीला नरकात असलेल्या एकाला उद्या सगळे वंदन करणार. आजी हे इतकं सहज सांगत होत्या, जणू गावाला गेलेल्या मुलाबद्दल बोलत आहेत.

कायमचा नरक कुठला?

'एकदा गेलं की सुटका नाही' ही भीती आपल्या बोलण्यात मिसळलेली आहे, पण ती ठळकपणे दिसते ती ख्रिस्ती शिकवणुकीच्या एका धारेत. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिननं ती ठामपणे मांडली आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तीच मुख्य ठरली. त्याच्याआधी, तिसऱ्या शतकात ओरिजेन हा पंडित शेवटी सगळेच जीव देवाकडे परततील अशी आशा बाळगत होता. पुढं ५५३ च्या सुमारास त्याची मतं चर्चनं अमान्य ठरवली. आजही ख्रिस्ती विचारवंतांत तीन मतं आहेत: यातना अनंत आहेत, दुष्ट शेवटी नष्टच होतात, किंवा अखेर सगळे तरतात.

येशूनं वापरलेला शब्द 'गेहेन्ना'. ती जेरुसलेमच्या बाहेरची खरीखुरी दरी आहे, हिन्नोमची. तिथं कधीकाळी मुलांचे बळी दिल्याचं जुन्या करारात लिहिलं आहे. मेलेल्यांच्या साध्या मुक्कामाला वेगळा शब्द आहे, आणि मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'अधोलोक' येतो. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका प्रवचनात सांगितलं की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःहून दूर गेलेल्या माणसाची अवस्था आहे. कॅथलिक चर्चनं असंख्य संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकात गेला असं एकाचंही नाव घेऊन कधी जाहीर केलेलं नाही. अनंत यातना मानणाऱ्या घरातल्या कुणाला आपल्या माणसाची काळजी जाळत असेल, तर ही गोष्ट त्यानं धरून ठेवावी. त्या निकालाचा अधिकार कुठल्याही माणसाला नाही.

कुराणात जहन्नमला सात दारं आहेत, वर्णनं कडक आहेत. पण मोहरीच्या दाण्याएवढं ईमान, म्हणजे श्रद्धा, असलेल्यालाही शेवटी आगीतून बाहेर काढलं जाईल, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. अल्लाच्या दयेबद्दल निराश होऊ नका, हे कुराणच बजावतं. त्याच्या ११४ अध्यायांपैकी ११३ ची सुरुवात दयाळू, कृपाळू या नावांनी होते.

ज्यूंची समजूत ऐकून तर मावशीचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे शुद्धीकरणाचा काळ जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. मुलगा आईवडिलांसाठी 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणतो, ती मात्र अकराच महिने. का? पूर्ण बारा महिने म्हटली तर आपले आईवडील दुष्टांत मोडत होते असं होईल. आपलं वर्षश्राद्ध आठवा: मेलेल्याचा यमापर्यंतचा प्रवासही वर्षभराचाच मानलेला आहे.

यादीत नावं कुणाची आहेत?

भागवतातली ती २८ नरकांची यादी मी मावशीला वाचून दाखवली, भीती घालायला नव्हे, तर काका त्यात कुठं बसतात का ते बघायला. तामिस्र: दुसऱ्याचं धन, बायको, मुलं पळवणाऱ्याला. कुंभीपाक: जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्याला. सूकरमुख: निरपराध्याला शिक्षा देणाऱ्या राजाला किंवा त्याच्या अधिकाऱ्याला. वैतरणी, जिच्या नावानं आपण गाय दान देतो, ती या यादीत धर्माची मर्यादा मोडणाऱ्या राज्यकर्त्यांसाठी आणि राजाच्या माणसांसाठी आहे. पर्यावर्तन: दारात आलेल्या पाहुण्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्याला. सूचीमुख: पैशावर साप होऊन बसणाऱ्याला.

सगळंच काही असं नाही. ब्राह्मणाच्या अपमानाची, जातीच्या उतरंडीची कलमंही त्यात आहेत आणि ती मला मान्य नाहीत. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करण्याच्या अधिकाराचा, वाद पेटला, तिथं बसून ती कलमं निमूट वाचताही येत नाहीत. पण बाकीची यादी पाहिली तर ती बलवंताला दिलेली तंबी आहे. ज्याच्या हातात सत्ता, पैसा, काठी किंवा सुरी आहे, त्यानं ऐकावं म्हणून ती लिहिलेली. आणि आपण ती वाचतो कधी? घरात मयत झाल्यावर, सुतकात, रडून थकलेल्या बायकामुलांसमोर. ज्याला गरज त्याच्या कानावर ती कधी पडत नाही, आणि जो आधीच मोडलेला आहे त्याला दहा दिवस ऐकावी लागते.

संतांनी हे फार आधी ओळखलं होतं. बाराव्या शतकात बसवण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं की आचार हाच स्वर्ग आणि अनाचार हाच नरक. गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरांतून हे वचन आजही ऐकू येतं. तुकोबांनी पाप-पुण्याची व्याख्या पाच-सहा शब्दांत संपवली: 'पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा.' त्याच अभंगात पुढं संतांचा संग हाच स्वर्गवास असंही ते म्हणतात. दोघांनीही नरक मेल्यानंतरच्या वहीतून काढून आजच्या वागण्यात आणून ठेवला.

धर्मराज नरकात का थांबला?

महाभारताच्या अगदी शेवटी युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर तिथं दुर्योधन थाटात बसलेला. आपले भाऊ आणि द्रौपदी कुठे आहेत असं विचारल्यावर त्याला दुर्गंधीच्या, अंधाराच्या वाटेनं नेतात. तो मागं वळणार, इतक्यात अंधारातून आवाज येतात: थोडा थांब, तू आलास तशी गार झुळूक आली, आमची आग जरा शमली. आवाज भीमाचा, अर्जुनाचा, द्रौपदीचा. तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथंच राहतो. मग देव प्रकट होतात, अंधार विरतो. 'अश्वत्थामा मेला' या अर्ध्या खोट्यापायी त्याला तेवढा वेळ नरक पाहावा लागला होता.

नरकावरच्या सगळ्या वाचनात हाच प्रसंग माझ्या मनात घर करून राहिला. त्यानं भिऊन काहीच मिळवलं नाही. आपल्या माणसांजवळ थांबला, आणि त्या थांबण्यानं आग कमी झाली.

"भीती काढली तर माणसं मोकाट सुटतील"

हा आक्षेप आमच्या घरातच आला, मामांकडून, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१२ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी ६७ देशांतल्या लोकांच्या श्रद्धा तिथल्या गुन्ह्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. नरक मानणारे जास्त तिथं गुन्हे कमी दिसले; स्वर्ग मानणारे जास्त पण नरक मानणारे कमी, तिथं गुन्हे जास्त. मामांची बाजू भक्कम वाटते खरी. पण राधानगरी धरणाचे दरवाजे उघडतात त्याच आठवड्यात आपल्याकडे छत्र्याही खपतात. दरवाज्यांमुळे छत्र्या खपत नाहीत, दोन्ही पावसामुळे होतं. देशादेशांतला फरकही गरिबी, पोलीस, शाळा अशा कितीतरी गोष्टींचा असू शकतो. त्या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही.

तरी मी मामांचं अर्धं मान्य करते. भीतीला जागा आहे, पण वेळ बघून. करूळ घाटात 'पुढे धोक्याचे वळण' ही पाटी वळणाच्या आधी लावतात. लाच घ्यायला पुढं झालेल्या हाताला, सुनेवर उगारलेल्या हाताला ती पाटी दिसू दे. ज्याची गाडी आधीच दरीत गेली, त्याच्या नातेवाइकांपुढं ती पाटी नाचवणं हे क्रौर्य आहे. लहान पोरांचंही तेच. ताटात अन्न टाकलं म्हणून सहा वर्षांच्या मुलाला कढईची भीती घातली तर तो अन्नाचा मान ठेवायला शिकत नाही, रात्री अंथरूण ओलं करायला मात्र शिकतो.

आणि कुणी आधी भीती घालून मग उतारा विकायला लागला, तर तिथं सावध व्हा. अंगात दैवी शक्ती आल्याचं सांगून लोकांना घाबरवणं आणि आपलं ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

"पण विधीच झाले नाहीत, त्याचं काय?"

मावशीचा खरा प्रश्न हा. त्याचं उत्तर तिच्याच परंपरेत मिळालं, बाहेर शोधावं लागलं नाही. लढाईत, समुद्रात, साथीत माणसं आधीही जात होती आणि देह हाती लागत नव्हता. म्हणून धर्मशास्त्रात पालाशविधी आहे: पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तिथी माहीत नसेल किंवा राहून गेली असेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. चुकलेल्यांसाठी, उशीर झालेल्यांसाठी दार उघडं ठेवणारी ही माणसं होती. ज्ञानोबा तर ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात सांगतात की नामघोषानं 'यमलोकींची खुंटिली राहाटी आघवी', म्हणजे यमलोकाचा सगळा कारभारच थांबला. मावशीचा हरिपाठ चाळीस वर्षांत चुकलेला नाही, हेही मी तिला आठवून दिलं.

मी स्वतः नरक मानत नाही. मावशी मानते. आम्ही दोघी त्यावर भांडलो नाही. तिच्या नरकाला मुदत आहे, दार आहे, आणि दुसऱ्याला पिडल्याशिवाय तिथलं बोलावणं येत नाही, एवढं तिच्याच ग्रंथांतून तिच्यापुढं ठेवलं. काकांनी कुणाला पिडलं का, असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "जन्मात कुणाला अरं-तुरं केलं न्हाई त्येनी. भाजीवालीला पण अवो म्हणायचे."

सर्वपित्रीला तिनं काकांचं पान मांडलं, ताटात त्यांना आवडणारी आंबोळी वाढली. कावळा आला की नाही हे मी विचारलं नाही.

मग होळी आली. कोल्हापुरात महापालिकेच्या स्मशानात अंत्यसंस्काराला पैसे घेत नाहीत, जात विचारत नाहीत, आणि होळी लहान करून उरलेल्या शेणी (गोवऱ्या) तिथं दान करायची पद्धत इथल्या पेठांनी लावून घेतली आहे. मावशीनं गल्लीतल्या टेम्पोत दोनशे शेणी भरल्या. पोरांनी विचारलं, "मावशी, कुणाच्या नावानं लिहू?"

"ज्याला लागतील त्येच्या," ती म्हणाली, आणि टेम्पो नदीकडं वळेपर्यंत दारात उभी राहिली.